केबलचा धूर

वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंट, कागद: चंद्रपूर जिल्ह्यातल्या या कामांवर आपली कितीतरी माणसे आहेत, बरीचशी कंत्राटावर. तेथे केबल म्हटली की शॉकची भीती वाटते. तिच्या आवरणाची भीती कोणी घालत नाही.

हे आवरण पुष्कळदा पीव्हीसीचे असते. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन. ते जळाले की हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो आणि डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्यात मिसळून त्याचे आम्ल बनते. ठसका लागतो तो त्यामुळे. काही आवरणांत शिसेही असते. ते राखेत उरते, आणि राख अंगणात पडली तर रांगत्या लेकराच्या तोंडात जाते.

घातक रसायनासोबत सुरक्षा माहितीपत्रक असावे, असे १९८९ चे नियम सांगतात. केबलसोबत ते सहसा येत नाही. केबल ही तयार वस्तू, रसायन कुठे आहे, असे म्हटले जाते. अमेरिकेच्या नियमात तर तयार वस्तूला तशी सूटच आहे. पण ती सूट नेहमीच्या वापरापुरती! केबल तापवली, वितळवली, जाळली की तो नेहमीचा वापर राहिला का? नेमके हेच काम कंत्राटी मजुराच्या वाट्याला येते.

तेव्हा बंधूंनो, केबलचे आवरण कशाचे आहे आणि ते जळाले तर काय निघते, हे मालकाला विचारा, शक्यतो लेखी. कामातल्या धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क कारखाना कायद्यात १९८७ साली आला. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली, तरी हा हक्क कायम आहे.

भंगार वेचणाऱ्या भगिनींना तर मालकच नसतो, विचारायचे कोणाला? तांब्यासाठी वायर घरामागे जाळली जाते, लेकरे शेकत बसतात. वायर सोलायला वेळ लागतो, हे खरे. पण जळक्या तांब्यापेक्षा सोललेल्या स्वच्छ तांब्याला भाव जास्त मिळतो. उघड्यावर कचरा जाळल्यास हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली ५,००० रुपये दंड ठरवला आहे, तोही वाचतो. सोलल्यावर हात साबणाने धुवून मगच भाकरीला लावावेत.

काही केबलींवर ‘एफआरएलएस’ असे छापलेले असते. त्या सहज पेट घेत नाहीत, धूरही कमी करतात. पण आम्लाचा वायू त्यांतूनही निघतोच.