मुलांच्या टी-शर्टवर आपल्याच रानाचा बहर हवा

वसई किल्ल्याला लागून असलेले पाचूबंदर हे मच्छीमारांचे गाव. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला लागल्या की घरखर्चाची चिंता सुरू होते. अशा घरांना तयार कपड्यांच्या जोडधंद्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातही मुलांचा टी-शर्ट सोपा वाटतो, कारण भांडवल थोडे आणि मागणी बारमाही.

मुंबईच्या घाऊक बाजारातून डझनाने माल आणून विकणे हा रूढ मार्ग. पण तोच माल शेजारच्या दुकानातही असतो. मग भाव पाडण्याची चढाओढ लागते व नफा उरत नाही. मध्यंतरी आम्ही घरातल्या लहान मुलीसाठी गुलाबी फुलांच्या बहराचा टी-शर्ट घेतला. तिसऱ्याच धुण्यात बहर गळून गेला! छपाई दुकानदाराने केलेली नव्हती, पण गिऱ्हाईक तुटले ते त्याचेच.

म्हणून आमचे मत असे की, कोरा माल आणावा आणि छपाई स्वतः करावी. तामिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे मोठे केंद्र असून तेथून देशभर माल जातो. छपाईला चौकट, जाळी, शाई व सपाट टेबल एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येक रंगाला मात्र वेगळी चौकट लागते. बाजारातला तो गुलाबी बहर जपानी चेरीचा. त्याच्या फिक्या-गडद छटा साधायच्या तर चार-पाच चौकटी हव्यात. आपल्या तुंगारेश्वरच्या रानातला पळस केशरी आणि काळपट अशा दोनच रंगांत उठून दिसतो. खर्च निम्म्यावर येतो आणि नक्षीही दुसऱ्या कोणाची राहत नाही. वसईचा सोनचाफा तर एका पिवळ्या रंगात भागतो.

कार्टूनची चित्रे जास्त खपतात, असे कोणी म्हणेल. खपतात हे खरे. पण ती कोणाच्या तरी मालकीची असतात. परवानगीशिवाय छापल्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली कारवाई होऊ शकते. शिवाय आपल्यातील अनेक कुटुंबे सजीवांची चित्रे असलेले कपडे मुलांना घालत नाहीत. फुलाला कोणाचीच हरकत नसते. २०२५ मध्ये रमजान ईद ३१ मार्चला झाली. ती दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. म्हणजे आणखी काही वर्षे ईदची खरेदी पळस फुलण्याच्या दिवसांतच होणार. होळी, गुढीपाडवा आणि ईस्टरही त्याच सुमाराचे.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. पहिली, रंग पक्का करण्याची. बहुतेक शायांना सुमारे १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णता ठरावीक वेळ द्यावी लागते. घरच्या इस्त्रीने ती सर्वत्र सारखी बसत नाही. त्यासाठी हीट प्रेस घ्यावे किंवा चार घरांनी मिळून एक घ्यावे. नमुना पाच वेळा धुऊन पाहिल्याशिवाय माल विकू नये. लहान मूल कपडा तोंडात घालते, म्हणून शाई मुलांच्या कपड्यांसाठी योग्य असल्याची खात्री विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

दुसरी गोष्ट हंगामाची. पावसाळी दमट हवेत पाण्यावर आधारित शाई उशिरा वाळते. त्यामुळे पहिल्याच वर्षी बंदीच्या महिन्यांत पैसा हाती येईल, या भरवशावर कर्ज काढू नये. ते दोन महिने नक्षी काढणे, चौकटी बनवणे व हात बसवणे यासाठी वापरावेत. दिवाळीनंतर छपाई करून माघ महिन्यापर्यंत माल तयार ठेवावा. वसंतात विकलेल्या मालाची शिल्लक पुढच्या जून-जुलैत घर चालवील.

दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला दुसऱ्याचा दोषही अंगावर घ्यावा लागतो. स्वतःची नक्षी आणि न जाणारा रंग, एवढे सांभाळले तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आपणहून दुकान शोधत येईल.