आधी पाणी मोजा : हलगा–मच्छे बायपासबाधित शेतकऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
भूसंपादनाचे सक्षम अधिकारी, महामार्ग बांधणारी यंत्रणा आणि जिल्हा प्रशासन

विषय : बायपासमुळे शिवाराचे पाणी, वाटा व उत्पन्न यांचे होणारे नुकसान आणि त्याबाबतच्या मागण्या

महोदय,

बेळगावजवळ पुणे–बेंगळुरू महामार्गावरील हलग्यापासून गोवा रस्त्यावरील मच्छेपर्यंतचा, सुमारे ९ किलोमीटरचा हा बायपास वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, मजगाव या भागातील शिवार कापत जातो. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी अनेक वर्षे आंदोलने केली, न्यायालयात दाद मागितली. तो वाद तिथे लढला जाईल. खालील मागण्या मांडताना आम्ही त्यातला कोणताही हक्क सोडत नाही.

या पत्रात आमचे म्हणणे एवढेच, की नुकसान मोजायचे मापच अपुरे आहे. मोजणीत येते ती फक्त रस्त्याखाली जाणारी जमीन. रुंदी ६० मीटर धरली तर एका किलोमीटरला ६ हेक्टर, म्हणजे जवळपास १५ एकर. त्या पट्टीच्या दोन्ही अंगांना जे शिवार उरते, ते कागदावर जसेच्या तसे राहते. प्रत्यक्षात ते तसे राहत नाही.

आमची बाजू

ही काळी जमीन आहे. पावसाळ्यात भात, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. बेळगावच्या बासमतीचे आणि मसुराचे नाव याच मातीने राखले. दोन्ही पिकांचा जीव पाण्याच्या वेळेत आहे. भाताला पाणी हवे. पण रोप बुडून दिवसेंदिवस राहिले तर कुजते. सुगीला पाणी वेळेत ओसरले नाही तर वाफसा येत नाही आणि मसुराची पेरणी हुकते.

या शिवाराचे पाणी बळ्ळारी नाल्याला मिळते. गाळाने आणि जलपर्णीने तो तुंबला की पाणी शेतात पसरते, भात जाते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. हे आम्हाला नवे नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर सगळ्या बेळगावाने पाणी पाहिले. अशा जागी भराव घालून रस्ता आडवा नेणे म्हणजे शिवारात बांध घालणे. आम्हीही बांध घालतो. पण त्याला खांड ठेवतो, आणि पाणी चढले तर मध्यरात्री खोरे घेऊन जाऊन तो फोडतो. महामार्गाचा बांध कोण फोडणार?

नाल्यावर पूल बांधला की पाण्याचा प्रश्न मिटला, असे नकाशा पाहून वाटते. शिवारातले पाणी मात्र या शेतातून त्या शेतात, बांधाच्या खांडांतून उतरत नाल्याकडे जाते. त्या उताराची रेघ कोणत्याही नकाशावर नाही. ती पावसाळ्यात शेतात उभे राहिल्यावरच दिसते.

कायद्याचा आधार

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १० मध्ये बहुपिकी ओलिताच्या जमिनीला संरक्षण आहे, मात्र महामार्गासारख्या रेषीय प्रकल्पांना त्यातून सूट आहे. ती सूट आम्हाला माहीत आहे. ती जमीन घेण्यापुरती आहे. नुकसान न मोजण्याची सूट कुठेही नाही.

राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ च्या कलम ३-जी(७) नुसार भरपाई ठरवताना बाजारभावासोबत तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात : जमिनीचे तुकडे पडल्याने झालेले नुकसान, उरलेल्या मालमत्तेला किंवा कमाईला बसलेली झळ, आणि राहते घर वा धंदा हलवावा लागल्यास त्याचा खर्च. उरलेल्या शिवाराच्या नुकसानीबाबतच्या आमच्या मागण्यांना याच कलमाचा आधार आहे.

मागण्या

१. भरावाच्या दोन्ही अंगांचे पाणी कुठून कुठे उतरते, याची पाहणी जून ते सप्टेंबर या काळात, शेतकऱ्यांना सोबत घेऊन करावी. मोऱ्यांच्या जागा आणि रुंदी त्यानंतरच पक्क्या कराव्यात. जिथे मोऱ्या आधीच बांधल्या असतील, तिथे त्या याच पाहणीवर तपासून कमी पडतील तिथे वाढवाव्यात.

२. बळ्ळारी नाल्यातला गाळ आणि जलपर्णी दरवर्षी मेअखेरपर्यंत काढावी. नाला मोकळा नसेल तर वरच्या मोऱ्यांचा उपयोग नाही. म्हणून हा खर्च रस्त्याच्या देखभालीत धरावा.

३. भरावामुळे पाणी तुंबून पीक गेले तर त्याची भरपाई स्वतंत्र द्यावी. रस्ता पूर्ण झाल्यापासून किमान पाच पावसाळे दरवर्षी पंचनामा व्हावा.

४. रस्ता तिरका गेल्यामुळे चार-सहा गुंठ्यांचे कोपरे उरतात. तिथे ना औत वळते, ना ट्रॅक्टर. शेतकऱ्याची मागणी असल्यास असे तुकडे त्याच दराने संपादित करावेत. जमीन ठेवायची असल्यास तुकड्याचे नुकसान कलम ३-जी(७) प्रमाणे द्यावे.

५. प्रत्येक जुनी गाडीवाट आणि पाणंद रस्त्याखालून भुयारी मार्गाने जोडावी. त्यातून भाताच्या पेंढ्यांनी भरलेली ट्रॉली जाईल एवढी उंची असावी आणि पाणी साचू नये. समोरचे शेत गाठायला दोन किलोमीटर वळसा पडला तर बाईमाणसाचा आणि जनावरांचा रोजचा वेळ त्यात जातो.

६. १ जानेवारी २०१५ पूर्वी संपादन झालेल्यांना दिलासा रक्कम व व्याज द्यावे. भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी हा हक्क मान्य केला आणि तो मागील संपादनांनाही लागू असल्याचे २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा दावा करायला लावू नये. त्यानंतरच्या संपादनांना २०१३ च्या कायद्यातील पहिल्या अनुसूचीप्रमाणे गुणक आणि १०० टक्के दिलासा रक्कम मिळावी.

७. भरावाखाली जाणारा सुपीक मातीचा वरचा थर आधी काढून घ्यावा आणि शेजारच्या शेतकऱ्यांना द्यावा. भरावासाठीची माती वा मुरूम भातशेतीतून खणू नये.

८. बायपासच्या कडेला लेआउटना परवानगी देताना पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा सक्तीचा करावा. प्लॉट भरले की मोऱ्यांची तोंडे बुजतात. शिवाय कडेने वस्ती वाढली तर शहराची वाहतूक कमी करायला बांधलेला हा रस्ता शहरातलाच आणखी एक रस्ता होईल आणि पुन्हा कुणाच्या तरी शेतातून नव्या बायपासची आखणी सुरू होईल.

९. नोटिसा, मोजणीचे नकाशे आणि निवाडे कन्नडसोबत मराठीतही द्यावेत. हरकतीसाठी कायद्याने २१ दिवस मिळतात. ते कागद वाचून घेण्यातच जाऊ नयेत. हे पत्रही आम्ही राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिलेल्या हक्काने मराठीतच देत आहोत.

वरीलपैकी पहिली मागणी बाकीच्यांचा पाया आहे. तिला खर्च फार नाही, फक्त हंगाम गाठावा लागतो. उन्हाळ्यात हे शिवार कोरडे आणि सपाट दिसते. कुठूनही रस्ता न्यावा असे वाटते. म्हणून आमची विनंती, की आपल्या अभियंत्यांनी आषाढाच्या झडीत एक दिवस आमच्यासोबत बांधावरून चालावे. बूट काढावे लागतील. पाणी कुठे अडते ते आम्ही दाखवू, आणि त्याच ठिकाणी मोरीची खूण आपण करावी.

तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही अपेक्षा.

आपले,
बायपासबाधित शेतकऱ्यांच्या संघटनेच्या वतीने
पदाधिकारी व सभासद शेतकरी