सलाईनची बाटली म्हणजे जेवण नव्हे

“वय झालं, आता कुठं भूक लागणार?” हे वाक्य आमच्या दिघाशीत घरोघरी ऐकू येतं. आम्हाला ते मान्य नाही. वयानं खाणं थोडं कमी होतं हे खरं. अंगमेहनत थांबते, चव आणि वास मंदावतो. पण दोन भाकऱ्यांवरून अर्ध्या भाकरीवर आलेले बाबा, मनगटातून निसटणाऱ्या आईच्या बांगड्या, याला वय म्हणून सोडून देता येणार नाही. त्यामागं कारण असतं आणि बहुतेक वेळा ते सापडतं.

आपल्याकडं मात्र कारण शोधण्याआधी ताकदीची बाटली चढवली जाते. घरातल्या एकाची दिवसाची मजुरी त्यात जाते. जरा हिशेब करा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे फार तर 100 कॅलरी. एका भाकरीच्या वर त्यात काही नाही. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या बाटलीत तर तेवढंही नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन जीव वाचवतं, ती गोष्ट वेगळी.

आधी तोंड उघडायला सांगून उजेडात बघा. हलणारा दात, टोचणारी कवळी, सुजलेल्या हिरड्या असतील तर माणूस चावणार कसा? मिश्रीबद्दल लिहिलं की आयाबाया रागावतात, तरी लिहितो: तिनं तोंडाची चव जाते, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला तर कॅन्सरची तपासणी लांबवू नका.

भिवंडीच्या यंत्रमागांवर आयुष्य काढलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. कापसाच्या धुळीनं छाती खराब झालेल्या माणसाला जेवतानाही धाप लागते, म्हणून तो ताट मध्येच सारतो. आपण म्हणतो, नखरे करतात. टीबीही विसरू नका. म्हातारपणी खोकला फारसा नसतानाही तो असू शकतो. भूक मरते, वजन उतरतं, संध्याकाळी कणकण येते. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे, आणि उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये मिळतात.

गोळ्यांनीही भूक जाते. मधुमेहाची मेटफॉर्मिन, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक. त्यातही धोका असा की जेवण घटलं आणि मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, बरळणं. अशा वेळी शुद्धीवर असलेल्याला लगेच साखरपाणी द्या. मनानं गोळी बंद करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवा.

आणि एक कारण कुठल्याच तपासणीत दिसत नाही. मुलगा-सून सकाळीच गोदामाच्या पाळीला निघतात. झाकलेलं ताट दुपारपर्यंत गार होतं. जोडीदार गेलेला असेल तर त्या ताटासमोर एकट्यानं बसवत नाही, मग चहा-बिस्किटावर दिवस निघतो. आईचं तर विचारूच नका. जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जेवलेली बाई “मला भूक नाही” म्हणते, तेव्हा आधी टोपात काय उरलंय ते बघावं.

एकदम भरलेलं ताट पुढं करून दटावू नका. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. मऊ भातावर घट्ट वरण आणि चमचाभर तेल, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचं कूट. सुकटीनं तोंडाला चव येते, पण रक्तदाब असेल तर ती खारट. तिथं लिंबू, आमसूल चालेल. गिळताना ठसका लागत असेल तर आडवं ठेवून भरवू नका, आणि डॉक्टरांना नक्की सांगा.

आमची एक मागणी आहे. प्रत्येक विहारात एक वजनकाटा ठेवावा. पौर्णिमेच्या वंदनेला म्हातारी माणसं येतातच. चपला काढून एकेकाचं वजन घ्यावं आणि तारखेसह लिहावं. जी येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं काटा न्यावा. 50 किलोचा माणूस सहा महिन्यांत आपोआप अडीच किलो उतरला, तर त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात कोण नेणार हे तिथंच ठरवावं. काट्यासाठी वर्गणी काढू. वही आमच्याकडून.