परगावची पाटी

नोकरीसाठी मुंबईतल्या दिंडोशीत येऊन राहिलेल्याचा वाहन परवाना कोणत्याही राज्याचा असो, तो देशभर चालतो. गाडीचे तसे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली, की नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आधी मूळ आरटीओचा ना हरकत दाखला, मग महाराष्ट्राचा रस्ता कर, आणि तेव्हा कुठे 'एमएच-४७' ही बोरिवलीची पाटी. जुन्या राज्यातल्या उरलेल्या कराचा परतावा मागता येतो. त्यासाठीचे हेलपाटे मात्र गाडीवाल्याच्याच माथी. २०२१ पासूनची, सर्व राज्यांत चालणारी 'बीएच' (भारत) मालिका हा यावरचा उतारा खरा, पण तो सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनाच.

विम्यात एका दिवसाचाही खंड चालत नाही. थर्ड पार्टी विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. पाटी बदलली आणि पॉलिसीवर जुनाच क्रमांक राहिला, तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर नेमके तिथेच बोट ठेवतो; नवे आरसी हाती येताच कंपनीकडून तशी नोंद करून घ्यावी. दावा न केल्याबद्दल मिळणारा 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी गावाकडेच विकून इथे नवी घेतली, तरी तो सोबत येतो.