फूल, दोन पाने आणि आपण



गेल्या महिन्यात शारजात एका मित्राकडे जेवताना गोव्याचा विषय निघाला. "१९६७चा कौल ख्रिश्चनांनी फिरवला," असे एकाने ठणकावून सांगितले. पंगतीला मडगावचे एक हिंदू गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या वडिलांचं मत दोन पानांनाच होतं." क्षणभर कोणी बोलेना, मग गाडी क्रिकेटवर गेली. प्रयोगशाळेत एक उलटे निरीक्षण आले तर आम्ही गृहीतक पुन्हा तपासतो. इथे मात्र विषयच बदलला.

१६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७० मते पडली, तर केंद्रशासित प्रदेशाच्या दोन पानांना १,७२,१९१. एकूण मतदार सुमारे ३ लाख ८८ हजार. ख्रिश्चन लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती; मतदारांतही तेच प्रमाण धरले आणि त्यांचे प्रत्येक मत दोन पानांना दिले, तरी हा आकडा भरत नाही. म्हणजे हजारो हिंदूंनीही विलीनीकरण नाकारले. पाच मिनिटांचा हा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी केला आहे?

ही मते वळली कशी? विलीनीकरणाला विरोध करणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीत निघत होते. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदरही मराठीत होते. ज्यांचे मत आपल्या विरुद्ध जाईल अशी शक्यता होती, त्यांच्याशीच त्यांच्या वाचनाच्या भाषेत हा वाद घातला गेला. प्रचारात कटुता भरपूर होती, पण समोरच्याला पटवायचे आहे याचा विसर पडला नव्हता.

आणि मतदार? कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. कौलात त्यांची बाजू हरली. तरी मार्च १९६७च्या निवडणुकीत त्यांच्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला बहुमत मिळाले. नेता हवा, पण त्याचा हा मुद्दा नको, एवढा विवेक त्या मतदारापाशी होता. आज आखातात बसून आपण मायदेशातल्या प्रत्येक प्रश्नावर हिरिरीने बोलतो, पण बहुधा आपल्याच बाजूच्या माणसांशी. आणि नेता ठरला की मुद्दाही ठरलेला असतो.

त्या मडगावकरांना मी पुन्हा जेवायला बोलावले आहे. वडिलांनी तसे मत का दिले, हे त्या रात्री आमच्यापैकी कोणी विचारलेच नाही.