दोरी कोणाला दिसायला हवी?

अमेरिकेत गळाचे सामान विकणाऱ्या दुकानात दोरीच्या फळीसमोर उभे राहिले, की रंगाच्या दुकानात आल्यासारखे वाटते. पारदर्शक, शेवाळी, निळसर, लाल, झगझगीत पिवळी अशी रिळे ओळीने लावलेली असतात. गिऱ्हाईक बहुधा एकाच माशाच्या मागे असते: लार्जमाउथ बास. तळ्यांत आणि संथ नद्यांत राहणारा, मोठ्या जबड्याचा हा शिकारी मासा तिथल्या हौशी मासेमारांचा सर्वांत लाडका. पारदर्शक, हिरव्या आणि लाल दोऱ्यांचा दावा एकच असतो, ‘माशाला दिसत नाही.’ या दाव्यापोटी लोक साध्या नायलॉनच्या तंगुसाच्या कितीतरी पट किंमत मोजतात. त्यात तथ्य किती?

सुरुवात माशाच्या डोळ्यापासून करावी लागते. बासला रंग दिसतात का, याचा शोध जुना आहे. इलिनॉयमध्ये फ्रँक ब्राउन यांनी १९३७ साली प्रयोग प्रसिद्ध केले. ठरावीक रंगाकडे गेल्यास खाऊ आणि चुकीच्या रंगाकडे गेल्यास विजेचा हलका झटका, अशी शिकवण देऊन त्यांनी बासला रंग ओळखता येतात हे दाखवले. २०१९ साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. एक हिरव्या प्रकाशाला आणि दुसरी लाल प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. माणसात त्या तीन प्रकारच्या असतात. त्यामुळे बास लाल आणि हिरवा अचूक ओळखतो, पण निळ्या-काळ्यात आणि पोपटी पिवळ्या-पांढऱ्यात त्याचा गोंधळ होतो.

आता लाल दोरीचा दावा पाहू. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषते, म्हणून लाल दोरी पाण्यात ‘नाहीशी’ होते, असे सांगितले जाते. पहिला भाग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. स्वच्छ, खोल पाण्यात लाल प्रकाश पोचत नाही तेव्हा लाल वस्तू पारदर्शक होत नाही, तर काळपट दिसते. उजेडाच्या पार्श्वभूमीवर काळी रेघ लपत नाही. शिवाय बास बहुधा उथळ, गढूळ किंवा कुजलेल्या पाल्याने तांबूस झालेल्या पाण्यात राहतो. अशा पाण्यात निळा प्रकाश आधी नाहीसा होतो आणि तांबडा तुलनेने टिकतो. म्हणजे जो रंग या माशाला उत्तम दिसतो, नेमका तोच ‘अदृश्य’ म्हणून विकला जातो.

फ्लोरोकार्बन दोरीचा दावा याहून भक्कम पायावर उभा आहे. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली बाजारात आणलेल्या या दोरीचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आहे. पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५३च्या आसपास. पाण्याशी हा आकडा जितका जवळ, तितका प्रकाश कमी वळतो आणि वस्तू कमी उठून दिसते. पण ‘कमी दिसते’ आणि ‘दिसत नाही’ यांत बरेच अंतर आहे. खालून वर पाहणाऱ्या माशासाठी पृष्ठभाग उजळ असतो आणि त्यावर कोणतीही दोरी रेघेसारखी उमटू शकते. दोरीवरची गाठ, चिकटलेले शेवाळ आणि ओरखडे यांना अपवर्तनांकाचा फायदा मिळत नाही. त्यातच बासच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातली हालचाल टिपणारी संवेदनरेषा असते. जाड, ताठ दोरीमुळे आमिष अवघडून हलले, तर दोरी न दिसताही फरक पडू शकतो.

मुख्य म्हणजे, दिसणे आणि घाबरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोरी दिसली म्हणून मासा पळेलच असे नाही. पाण्यात काड्या, मुळे आणि गवताच्या कांड्या पुष्कळ असतात. बाससाठी वापरल्या जाणाऱ्या कित्येक कृत्रिम आमिषांना तर तीन तोंडांचे चकचकीत गळ उघडे लोंबत असतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून झेपावणारा मासा केवळ बारीक दोरीच्या रंगावरून माघार घेईल, हे मानायला जबर पुरावा हवा.

बासचा जागतिक विक्रम १९३२ सालचा आहे. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी पकडलेला तो मासा १० किलोंहून थोडा जास्त होता. तेव्हा नायलॉनचाही जन्म झालेला नव्हता. सुधारलेल्या सगळ्या दोऱ्या हाती असताना २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची केवळ बरोबरी झाली. एका विक्रमावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण इलिनॉयच्या रिज लेक तळ्यातल्या माशांवर चाललेले दीर्घकाळचे संशोधनही विचार करायला लावते. तिथे काही बास वारंवार गळाला लागत, काही कधीच नाही, आणि हा स्वभाव पुढच्या पिढीतही उतरत असल्याचे दिसले. मासा लागणे किंवा न लागणे यात माशाच्या वृत्तीचा वाटा मोठा आहे. त्यात ऋतू, तापमान आणि वेळ मिळवली, की ‘दोरी बदलली आणि चार मासे लागले’ या अनुभवाला फारसे वजन उरत नाही. त्या दिवशी आणखी काय काय बदलले होते, हे कोणी मोजलेले नसते.

याचा अर्थ पारदर्शक दोरी निरुपयोगी आहे असा नव्हे. नितळ पाण्यात, हळू हलणाऱ्या आमिषाजवळ मासा रेंगाळून निरखतो, तेव्हा ती उपयोगी पडू शकते. त्यासाठी मुख्य दोरीच्या टोकाला तिचा एक-दोन हातांचा तुकडा पुरतो.

उरलेली दोरी मात्र मासेमाराच्या डोळ्यांना दिसणारी असावी. पाण्यावर तरंगणारी पिवळी दोरी जरा हलली, तरी मासा लागल्याचे कळते आणि झटका वेळेवर देता येतो. उशीर झाला तर मासा आमिष गिळतो आणि गळ जबड्याऐवजी घशात रुततो. अमेरिकेत पकडलेले बरेचसे बास परत पाण्यात सोडले जातात. सोडल्यानंतर ते मरण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे हा खोल रुतलेला गळ. दोरीच्या रंगाचा खरा परिणाम शोधायचाच असेल तर तो इथे शोधावा.

तुटून मागे राहिलेल्या दोरीचाही विचार व्हायला हवा. नायलॉन उन्हाने हळूहळू ठिसूळ होतो. फ्लोरोकार्बनवर उन्हाचाही फारसा परिणाम होत नाही. काठच्या झुडपांत अडकलेली न दिसणारी दोरी पक्ष्यांच्या पायांत आणि पंखांत गुंतते. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने पक्षी आणि माणसेही जखमी होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली या मांजावर बंदी घातली, ती उगाच नव्हे. चिवट आणि सहज न दिसणारा धागा उघड्यावर सोडला की काय होते, हे इथे दरवर्षी दिसते.

त्यामुळे रीळ निवडताना ‘माशाला दिसेल का?’ हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल. आपल्याला दिसते का, आमिष मोकळे हलते का आणि तुटली तर गोळा करता येईल का, हे आधी पाहावे. त्याची उत्तरे डब्यावर छापलेली नसतात, पण माशाच्या आणि पक्ष्याच्या जिवाशी त्यांचाच संबंध जास्त आहे.