अपग्रेडआधीच्या कामाचेही पैसे मोजा

वडोदऱ्याच्या निजामपुऱ्यातले रुग्णालय असो, पतसंस्था असो की महाविद्यालय, त्यांच्या नोंदी आता एका डिस्कवर मावत नाहीत. म्हणून तीन किंवा अधिक लिनक्स सर्व्हर नेटवर्कने जोडून सामाईक साठवण उभी करायची पद्धत रुळली आहे. प्रत्येक फाइलच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राहतात, त्यामुळे एक यंत्र बंद पडले तरी काम अडत नाही. या सोयीतूनच एक घातक समजूत पसरली आहे. रविवारी रात्री नवी आवृत्ती चढवायची आणि सोमवारी सकाळी कामाला लागायचे, एवढेच अपग्रेड असते, असे अनेकांना वाटते. वास्तविक चढवण्याचे काम थोडे आणि तयारीचे फार असते. कंत्राटात मात्र या तयारीची ओळच नसते.

या क्षेत्रात बरीच वापरली जाणारी ‘सेफ’ ही मुक्त प्रणाली पाहा. सर्व्हरच्या घड्याळांत सेकंदाच्या विसाव्या भागाहून जास्त फरक पडला तरी ती इशारा देते, म्हणून आधी घड्याळे जुळवावी लागतात. बंद केलेला सर्व्हर दहा मिनिटांत परतला नाही, तर तो गेलाच असे धरून ती प्रतींची हलवाहलव सुरू करू पाहते. ही हलवाहलव कामापुरती थांबवावी लागते आणि नंतर आठवणीने पुन्हा चालू करावी लागते. एका वेळी एकच सर्व्हर घ्यायचा आणि त्याच्या प्रती पुन्हा पूर्ण जुळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. नेहमीच्या मांडणीत तीनपैकी दोन प्रती जागेवर नसतील, तर त्या माहितीचा व्यवहारच थांबतो. शिवाय पुढची आवृत्ती एकदा पक्की केली की मागे फिरता येत नाही. यातले काहीही घाईगर्दीत करण्याजोगे नाही.

या तयारीत वेगळा बॅकअपही येतो. ‘तीन प्रती आहेत, मग वेगळा बॅकअप कशाला?’ हा त्यावरचा पहिला आक्षेप. प्रती डिस्क बिघडण्यापासून वाचवतात, चुकीच्या आज्ञेपासून नाही. पुसण्याची आज्ञा तिन्ही प्रतींना सारखीच लागू होते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात महासंगणकाच्या साठवणीतला सुमारे ७७ टेराबाइट मजकूर पुसला गेला. जुन्या नोंदी काढून टाकणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित स्क्रिप्ट चढवली गेली होती. १४ संशोधक गटांना फटका बसला, त्यांतल्या चार गटांच्या फाइली परत मिळाल्याच नाहीत. बदल किरकोळ होता, पण चालू यंत्रणेत न तपासता केलेला होता. ऑगस्ट २०२४ चा पूर पाहिलेल्या वडोदऱ्याला दुसरा धोका सांगायला नको. तिन्ही सर्व्हर एकाच तळमजल्यावर असतील तर विश्वामित्री नदीचे पाणी प्रती मोजत बसत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो रास्त आहे. अपग्रेडची आधी तालीम करायला लहान संस्थेला दुसरा क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या सर्व्हरचा दुसरा संच, परवडत नाही. पण तालमीसाठी त्याच क्षमतेची यंत्रे लागत नाहीत. एका जुन्या संगणकावर तीन आभासी सर्व्हर उभे करून सगळा क्रम करून पाहता येतो. खर्च होतो तो माणसांच्या दिवसांचा. ‘चालते आहे तर हातच लावू नका’ हा सल्ला तर जास्तच महाग पडतो. सेंटॉस ७ या लिनक्सचे अद्ययावतीकरण ३० जून २०२४ ला थांबले, म्हणजे त्यानंतर सापडलेल्या त्रुटींसाठी तिथून दुरुस्ती येत नाही. सेफमध्येही एका उडीत फार तर दोनच मुख्य आवृत्त्या पुढे जाता येते. जितकी टाळाटाळ, तितके मधले टप्पे वाढतात.

म्हणून विश्वस्तांनी आणि संचालकांनी पुढच्या अपग्रेडच्या निविदेत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: इमारतीबाहेरचा बॅकअप आणि तो परत आणून दाखवल्याचा पुरावा, तालमीचे स्वतंत्र दिवस आणि त्यांचे पैसे, आणि तयारी अपुरी वाटल्यास ‘आज नाही’ म्हणण्याचा तंत्रज्ञाचा लेखी अधिकार. ही तिसरी अट मान्य नसेल, तर त्या रात्री अपग्रेड करू नये.